कलम ५२ आणि वाचकाचा हक्क

१९ एप्रिल २०१० रोजी राज्यसभेत कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं, तेव्हा बातम्या झाल्या त्या सिनेमाच्या. गीतकार आणि संगीतकार यांना त्यांच्या गाण्याची रॉयल्टी मिळणार का, निर्माते काय म्हणतात, म्युझिक कंपन्या काय म्हणतात, यांतच वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्याच विधेयकात अंध वाचकांसाठीही एक छोटी तरतूद होती. पहिल्या वाचनाला ती चांगलीच वाटावी अशी होती. ब्रेलसारख्या, खास अंधांसाठीच असलेल्या स्वरूपात पुस्तकाची प्रत काढायची असेल, तर लेखक-प्रकाशकाची परवानगी लागणार नाही, असा तिचा आशय होता.

अडचण होती ती ‘खास अंधांसाठीच’ या अटीत. संगणकावरची साधी मजकुराची फाइल, ध्वनिमुद्रण, मोठ्या टायपात छापलेली प्रत या सगळ्या गोष्टी डोळस माणूसही वापरू शकतो. त्यामुळे त्या सवलतीबाहेर राहत होत्या. त्या हव्या असतील तर अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं कॉपीराइट बोर्डाकडे अर्ज करायचा, सुनावणीला उभं राहायचं आणि परवाना मिळवायचा. हे एकेका पुस्तकासाठी. परीक्षा तोंडावर आलेल्या विद्यार्थ्यानं तोवर काय करायचं, याचं उत्तर विधेयकात नव्हतं.

ब्रेलचं मोल कुणीच नाकारणार नाही. मुंबईहून स्वागत थोरात यांनी २००८ साली सुरू केलेलं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक ज्यांनी बोटांखाली धरलं आहे, त्यांना स्वतःचं स्वतः वाचण्याचा आनंद काय असतो हे वेगळं सांगावं लागत नाही. पण ब्रेल लहानपणी शाळेत शिकलं तरच सहज हाताला बसतं. मधुमेहानं किंवा काचबिंदूनं उतारवयात दृष्टी गेलेल्यांना ते जड जातं. शिवाय ब्रेल छपाईला जाड कागद लागतो आणि एका साध्या कादंबरीचे अनेक जाडजूड खंड होतात. २०१० सालापर्यंत महाविद्यालयात जाणारी बहुतेक अंध मुलं स्क्रीन रीडर वापरू लागली होती. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी ही प्रणाली. तिला हवी असते फक्त नीट फाइल. सरकारचं विधेयक नेमकं तिथंच अडत होतं.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांवर आहे, महाराष्ट्रात सुमारे पावणेसहा लाख. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात या माणसांचा विचारच नव्हता. कलम ५२ मध्ये अपवादांची लांबलचक यादी होती. खासगी अभ्यास, समीक्षा, न्यायालयीन कामकाज, वर्गातलं शिकवणं, हे सगळं त्यात होतं. अंध माणसासाठी पुस्तकाचं रूप बदलणं मात्र नव्हतं. स्वयंसेवकांनी कॅसेटवर कादंबऱ्या वाचायच्या, ताईनं भावासाठी नोट्स ध्वनिमुद्रित करायच्या, हे वर्षानुवर्षं चालत आलं होतं. कुणी कुणावर खटला भरला नाही, म्हणून ते निभावून गेलं. पण संस्थेच्या पातळीवर हे काम करायचं, पाच-दहा हजार पुस्तकांचं ग्रंथालय उभारायचं, एका शहरातली फाइल दुसऱ्या शहरात पाठवायची, तर कायद्याचा आधार लागतो. कुणी तक्रार करत नाही म्हणून चाललं आहे, एवढ्या भरवशावर ग्रंथालय उभं राहत नाही.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिबाधितांसाठी एक्सआरसीव्हीसी हे केंद्र सुरू झालं. त्यामागे प्राध्यापक सॅम तारापोरवाला होते. अशा केंद्रांना हा प्रश्न रोजचा होता. प्रकाशकाला पत्र लिहा, उत्तराची वाट पाहा, उत्तर आलंच नाही तर काय करायचं ते ठरवा. देशभरच्या अशा संस्था, चेन्नईचे वकील राहुल चेरियन आणि बेंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीत काम करणाऱ्या निर्मिता नरसिंहन यांच्यासारखी मंडळी एकत्र आली. ‘वाचण्याचा हक्क’ या नावानं मोहीम उभी राहिली. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, तेव्हा त्यांचं म्हणणंही समितीपर्यंत पोचलं. मागणी सरळ होती: कोणत्या स्वरूपात वाचायचं हे कायद्यानं ठरवू नये, ते वाचकाला ठरवू द्यावं.

समितीनं ते मान्य केलं. २०१० च्या नोव्हेंबरमधल्या अहवालात तिनं शिफारस केली, की सवलत एका ठरावीक स्वरूपापुरती न ठेवता वाचता येईल अशा प्रत्येक स्वरूपाला द्यावी. सरकारनंही ही शिफारस उचलली. २०१२ च्या मे महिन्यात राज्यसभा आणि लोकसभा अशा दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती मंजूर केली आणि २१ जून २०१२ पासून ती लागू झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी गीतकारांच्या बाजूनं केलेलं भाषण लोकांच्या लक्षात राहिलं, आणि राहायलाच हवं. पण त्याच विधेयकातून आलेल्या कलम ५२ (१) (झेडबी) या तरतुदीनं त्या दिवशी लाखो वाचकांना जे दिलं, त्याची नोंद फारशी कुणी घेतली नाही.

ही तरतूद जपून वाचण्यासारखी आहे. कोणतीही व्यक्ती, कोणत्याही कलाकृतीची, कोणत्याही सुगम स्वरूपातली प्रत अपंग व्यक्तीसाठी काढू शकते. ती खासगी वापरासाठी असो, शिक्षणासाठी असो की संशोधनासाठी. संस्थेलाही ते करता येतं. अट एवढीच, की त्यातून नफा कमवायचा नाही, फार तर निर्मितीचा खर्च वसूल करायचा आणि त्या प्रती नेहमीच्या बाजारात जाणार नाहीत याची काळजी घ्यायची. म्हणजे एखाद्या भाचीनं आपल्या अंध मामासाठी घरच्या स्कॅनरवर अख्खं पुस्तक उतरवून घेतलं, तर तो गुन्हा नाही. तिला कुणाला पत्र लिहावं लागत नाही, कुणाची सही लागत नाही. सवलत केवळ अंधांपुरतीही नाही. हात नसल्यामुळे पान उलटता न येणारा वाचकही तिच्यात येतो. ती केवळ पुस्तकांपुरती नाही, चित्रपटालाही लागू आहे. पडद्यावर काय चाललं आहे हे अंध प्रेक्षकाला सांगणारं निवेदन मराठी चित्रपटाला जोडायला याच तरतुदीनं वाट करून दिली.

याच दुरुस्तीत डिजिटल कुलपं तोडण्याबद्दल शिक्षेची तरतूद आली. कलम ६५ए प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्यानं ज्याला मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप काढलं, तर ते कलम आड येत नाही. हा अपवाद नसता तर झेडबी कागदावरच राहिलं असतं. एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं काढून घेण्याचा प्रकार अनेक देशांच्या कायद्यांत झाला आहे. भारतात तो टळला, ही जमेची बाजू आहे.

पुढच्याच वर्षी हा विषय जगाच्या व्यासपीठावर गेला. २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतल्या माराकेश शहरात दृष्टिबाधितांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. सुगम प्रत एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायची सोय त्यानं केली. २०१४ च्या जूनमध्ये या कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. वीस देशांची मान्यता पूर्ण झाल्यावर, ३० सप्टेंबर २०१६ पासून करार अमलात आला. युरोपीय संघाची मान्यता आली २०१८ साली, अमेरिकेची २०१९ साली. राहुल चेरियन यांना मात्र यातलं काहीच पाहायला मिळालं नाही. माराकेशच्या चार-पाच महिने आधी, फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं. कॉपीराइटच्या अपवादांचा इतिहास लिहायला कुणी बसलं, तर त्यात त्यांचं नाव ठळकपणे यायला हवं.

कलम ५२ चं दुसरं मोठं दार, म्हणजे शिक्षणासाठीचा अपवाद, २०१२ च्याच उन्हाळ्यानंतर कसोटीला लागलं. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी होते दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी हे झेरॉक्सचं दुकान आणि दिल्ली विद्यापीठ. अभ्यासक्रमात नेमलेले निरनिराळ्या पुस्तकांतले उतारे एकत्र करून दुकानदार त्यांचे संच विकत होता. ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं त्याला तात्पुरती मनाई केली. विद्यार्थ्यांची संघटना खटल्यात उतरली, शिक्षकांचीही उतरली. ज्यांच्या पुस्तकांसाठी हा दावा चालला होता अशा लेखकांपैकी अमर्त्य सेन यांच्यासारख्यांनी प्रकाशकांना तो न चालवण्याची विनंती केली.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी निकाल दिला तो विद्यार्थ्यांच्या बाजूनं. कॉपीराइट हा निसर्गदत्त हक्क नाही, समाजात ज्ञान वाढावं म्हणून कायद्यानं निर्माण केलेला हक्क आहे, ही त्याची बैठक होती. डिसेंबरमध्ये खंडपीठानं कायद्याचा तोच अर्थ उचलून धरला. शिकवण्याच्या कामासाठी जेवढं लागतं तेवढं घेता येतं, पानांची टक्केवारी मोजत बसायची नाही. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही प्रकरण पुन्हा उघडायला नकार दिला.

त्यानंतरही हे दार लोटून घेण्याचे प्रयत्न थांबले नाहीत. २०२१ साली वाणिज्यविषयक संसदीय समितीनं बौद्धिक संपदेवरच्या अहवालात शैक्षणिक अपवादाचा विषय काढला. ही मोकळीक सरकारी मालकीच्या शिक्षणसंस्थांपुरती असावी, प्रतींना मर्यादा असावी, असा तिचा रोख होता. दिल्लीत बसून हे वाजवी वाटत असेल. महाराष्ट्रात ते अनर्थकारक ठरेल. इथलं उच्च शिक्षण खेड्यापाड्यांत नेलं ते सरकारनं नव्हे, तर रयत शिक्षण संस्थेसारख्या लोकांनी उभ्या केलेल्या संस्थांनी. साताऱ्याच्या किंवा बीडच्या अनुदानित महाविद्यालयातला विद्यार्थी सरकारी मालकीच्या इमारतीत बसत नाही, म्हणून त्याच्या हातातले उतारे बेकायदा ठरवायचे का? ही शिफारस कायद्यात उतरू नये, यावर मराठी प्राध्यापकांनी आजवर जेवढं बोलायला हवं होतं तेवढं ते बोललेले नाहीत.

सरकार सुधारणा करतं तेव्हा ती नेहमी वाचकाच्या बाजूनंच असते असंही नाही. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्या वेळच्या कायद्यानुसार त्यांचं साहित्य १९९१ अखेर सर्वांना मोकळं होणार होतं. त्याला काही दिवस उरले असताना वटहुकूम निघाला, पुढे कायदाही झाला आणि मुदत पन्नास वर्षांवरून साठ वर्षांची झाली. ती ठाकुरांच्या साहित्याचे हक्क असलेल्या विश्वभारतीसाठी वाढवली, पण लागू झाली सगळ्यांना. साने गुरुजी १९५० साली गेले. जुन्या हिशेबानं त्यांची पुस्तकं २००१ च्या पहिल्या दिवशी मोकळी झाली असती. ती झाली २०११ साली. बा. सी. मर्ढेकर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोघेही १९५६ साली गेले. त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१७ पासून मोकळं झालं. एका संस्थेच्या सोयीसाठी साऱ्या देशातल्या वाचकांना दहा वर्षं थांबायला लावलं, हे काही बरं झालं नाही.

आणि सरकारला कायदा न बदलता नुसत्या परिपत्रकानं काम भागवावंसं वाटतं, तेव्हा काय होतं ते गोव्यात दिसलं. लग्नसमारंभात वाजवल्या जाणाऱ्या गाण्यांना कलम ५२ मध्ये सूट आहे. वरातीसकट लग्नाच्या सामाजिक सोहळ्यांचा उल्लेखच तिथं आहे. तरी हॉटेलांकडे पैसे मागितले जातात, अशी ओरड होती. केंद्रानं जुलै २०२३ मध्ये सूचना काढली, गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते परिपत्रक रद्द केलं. कलमाचा अर्थ लावणं हे न्यायालयाचं काम आहे, खात्याचं नाही. सूट कुठवर पोचते हे खटल्या-खटल्यागणिक ठरायचं राहिलं. सरकारला खरोखर संदिग्धता घालवायची असेल, तर संसदेत जाऊन कलमच स्पष्ट करावं लागेल.

मोठी लढाई जिंकून आलेल्या झेडबी कलमाचं मराठीत पुढे काय झालं, हे मात्र जवळून पाहायला हवं.

अंध वाचकासाठी मराठी पुस्तक तयार कसं होतं? पुठ्ठा काढतात, शिवण उसवून पानं सुटी करतात, स्कॅनरवर एकेक पान उतरवतात. मग चित्रातली अक्षरं ओळखणारी ओसीआर प्रणाली त्याचा मजकूर करते. छपाई स्वच्छ असेल तर काम बरं होतं. जुन्या खिळ्यांच्या छपाईतलं, कागद पिवळा पडलेलं पुस्तक असेल तर ‘घर’चं ‘धर’ होतं, ‘भात’चा ‘मात’ होतो, ‘खाणं’चं ‘रवाणं’ होतं. रफार उडाला की ‘अर्थ’चा ‘अथ’ होतो. डोळस वाचक अशी चूक नजरेनं सावरून पुढे जातो. कानांनी वाचणाऱ्याला ती आवाजातच ऐकू येते आणि वाक्य हातून सुटतं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव वाक्याच्या मध्येच घुसतं. एखादी तळटीप परिच्छेदाच्या पोटात जाऊन बसते. हे सगळं निस्तरायला माणूस लागतो. स्वयंसेवक मूळ पान समोर ठेवून ओळ न् ओळ तपासतात, मग प्रकरणांना खुणा करतात, म्हणजे ऐकणाऱ्याला थेट पाचव्या प्रकरणावर जाता येतं. तीनशे पानांच्या पुस्तकाला एका माणसाचे कित्येक दिवस जातात.

आणि हे सगळं अशा पुस्तकासाठी, ज्याचा मजकूर प्रकाशकाच्या संगणकात आधीच टाइप करून पडलेला आहे!

इथंही एक अडथळा आहे, तो कायद्याचा नाही. गेल्या तीसेक वर्षांतली असंख्य मराठी पुस्तकं श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवली गेली. मराठी छपाईवर या प्रणालींचे उपकार आहेत. पण त्या जुन्या फाइलींत मराठी अक्षराच्या जागी आत वेगळीच चिन्हं साठवलेली असतात. पडद्यावर मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र निरर्थक अक्षरांची रास मिळते. अशी फाइल युनिकोडमध्ये बदलणारी साधनं आहेत, ती पुष्कळसं काम करतात, जोडाक्षरांशी थोडी अडखळतात. तरीसुद्धा पान फाडून स्कॅन करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सोपा आहे.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारचा दिव्यांगजन विभाग, अशी पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांचा डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांनी मिळून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं. ते उभं राहू शकलं ते २०१२ च्या दुरुस्तीमुळेच. एका संस्थेनं तयार केलेलं पुस्तक देशातल्या कुठल्याही दृष्टिबाधित सभासदाला त्यातून मिळतं. एकच पुस्तक चार गावांत चार वेळा स्कॅन होण्याची उधळपट्टी त्यानं थांबवली.

याहून मोठी संधी महाराष्ट्राच्या दाराशी उभी आहे आणि तिच्याकडे अजून नीट कुणाचं लक्ष गेलेलं नाही. झेडबी कलमात कोणत्या संस्था येतात याचं जे स्पष्टीकरण आहे, त्यात सरकारमान्य ग्रंथालयाचाही समावेश आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी शासनमान्य वाचनालयं आहेत. तालुक्याच्या वाचनालयात एक स्कॅनर, एक संगणक आणि दोन-चार उत्साही कार्यकर्ते असतील, तर आपल्या गावातल्या अंध वाचकाला हवं ते पुस्तक त्यांना कायदेशीरपणे तयार करून देता येतं. ग्रंथालय संचालनालयानं एवढं एक पत्रक सगळ्या वाचनालयांना पाठवावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

नवा कायदा लागेल तो दुसऱ्या एका गोष्टीसाठी. १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाच्या प्रती देशातल्या चार ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक. या कायद्याला सत्तर वर्षं होऊन गेली. छापील प्रतीबरोबर मजकुराची फाइलही द्यावी, ती कुलूपबंद ठेवावी आणि फक्त दिव्यांग वाचकांच्या संस्थांसाठी उघडावी, अशी भर त्यात घालता येईल. प्रकाशकाच्या विक्रीला धक्का लागत नाही, कारण हा वाचक छापील प्रत विकत घेऊन वाचू शकणारा नाही.

सध्या सरकारपुढे याहून झगमगता विषय आहे. एएनआय या वृत्तसंस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला: आमच्या बातम्या न विचारता यंत्राला शिकवायला वापरल्या. २०२५ साली सरकारनं समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये तिचा पहिला मसुदा आला. कंपन्यांना साहित्य वापरायची मुभा द्यावी, नकाराचा अधिकार लेखकांकडे ठेवू नये, पण बदल्यात सक्तीनं रॉयल्टी घेऊन ती वाटावी, असा त्याचा आराखडा आहे. अफाट भांडवलाच्या कंपन्यांनी पैसे मोजावेत, हे योग्यच. पण ती रॉयल्टी कोल्हापूरच्या कवीपर्यंत आणि मडगावच्या कथालेखिकेपर्यंत कशी पोचणार, याचं उत्तर आधी मिळायला हवं. कुठल्याही संस्थेचे सभासद नसलेले मराठी लेखक अशा वाटपात सहज निसटून जातील. साहित्य महामंडळानं आणि लेखक संघटनांनी यात आत्ताच लक्ष घालावं, वाटप ठरून गेल्यावर नव्हे.

या गदारोळात एक सरमिसळ होण्याचा धोका आहे. अपवाद म्हटला की लेखकाचं नुकसान, अशी समजूत पसरते आहे. तसं नाही. अब्जावधींची कंपनी आणि परीक्षेला बसलेली अंध मुलगी या दोघांना एकाच अपवादात कोंबलं, तर कंपनीविरुद्धचा राग त्या मुलीवर निघेल. कायदा पुन्हा उघडला जाईल तेव्हा वाचकाचे, विद्यार्थ्याचे, ग्रंथालयाचे अपवाद हातही न लावता शाबूत राहायला हवेत, आणि ते मागायला २०१० सारखंच कुणीतरी समितीपुढे उभं राहायला हवं.

तोवर मराठी प्रकाशकांना एक विनंती आहे. यंदाच्या दिवाळीत निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची आणि प्रत्येक अंकाची युनिकोडमधली फाइल छापखान्यात जाते त्याच दिवशी अंधांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे पाठवा. कायद्यानं त्यांना तुमची परवानगी लागत नाही, पण तुमची फाइल मिळाली तर पुस्तक तयार व्हायला महिने लागणार नाहीत.